सुकी गोदी : सुधारित क्रमवारी

पहिली यादी केली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.
वेल्डिंगच्या कांड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, निळा खडू.
पत्रा कापण्याआधी रेघ मारायला असतो, तो.
पहिलं : 'गंजाचा गुरुवार'.
यावर रिएकाच्या गोदीत वाद नव्हता.
एकटा व्येकोस्लाव म्हणायचा, 'दुसरा जिना'.
पण व्येकोस्लावला मासेही उकडलेले आवडायचे.

मग चाळीस वर्षं यादी फारशी हलली नाही.
'ट्रिएस्टची जीन्स' तिसऱ्यावरून सातव्यावर उतरलं,
कारण ती जीन्स मला होईना.
'आईला सांगू नका' हे आई गेली तेव्हा काढून ठेवलं,
दोन वर्षांनी परत घेतलं, होतं तिथेच, पाचवं,
आजारपणातून कामावर आलेल्याला
त्याचंच लॉकर द्यावं तसं.
देश बदलला, नोटा दोनदा बदलल्या,
पंधरावं मात्र 'मीठ'च.
नऊ मिनिटांचं गाणं. त्यातली पाच मिनिटं
कुणीतरी नुसती साखळी ओढत नेतंय.
साखळी मी दिवसभर ऐकायचो. फुकट.

गेल्या नोव्हेंबरात डावा कान गेला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बत्तीस वर्षं लोखंडावर हातोडा,
कान गेला यात नवल नाही, दुसरा राहिला यात आहे.
मी विचारलं, आणि गाणी?
त्या म्हणाल्या, रस्ता ओलांडताना जपा.

घरी आलो, हेडफोन चढवला
(स्पीकर लावावा तर वरच्या मजल्यावर तान्हं बाळ),
'गंजाचा गुरुवार' सुरू केलं
आणि तिहोमीर नव्हता.

तिहोमीर म्हणजे बेस.
त्या रेकॉर्डवर तो पार डावीकडे उभा आहे,
दारापाशी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.
बंद कागद कारखान्यातल्या कार्यक्रमानंतर
त्याने माझ्याकडे काडेपेटी मागितली होती
आणि ती घेऊनच गेला. एवढीच आमची ओळख.
त्याच्यावाचून ते गाणं म्हणजे
जहाज आहे, नवा रंग आहे, शिडाला झेंडा आहे,
आणि खाली पाणी नाही.

तेव्हा नवीन यादी. भाग होतं.
'गुरुवार' एकदम नववं. हात थरथरला, पण नववं.
'सायरन' चौथ्यावरून दुसरं : त्याची गिटार उजवीकडची आहे,
तिचं काहीच बिघडलेलं नाही.
'जीन्स' होतं तिथेच. पोटाचा प्रश्न कानाने सुटत नाही.

आणि 'मीठ'.
साखळी डावीकडे होती, म्हणजे आता नाही.
तिच्या जागी शांतता, आणि शांततेत, उजवीकडे,
एक बाई हळू आवाजात काहीतरी मोजतेय.
अकरा. बारा. तेरा. मध्येच खोकते.
पुन्हा अकरापासून.
चाळीस वर्षं ती तिथे होती
आणि मी साखळीला नावं ठेवत बसलो होतो.
रेकॉर्डच्या पाकिटावर तिचं नाव नाही,
मी भिंग घेऊन पाहिलं.

निवेस स्वयंपाकघरातून आली, माझ्याकडे बघत राहिली,
मग हेडफोन डोक्यावरून काढला, फिरवला,
उलटा घातला
आणि सार्डिन तळायला निघून गेली.

तिहोमीर!
उजव्या कानात, अगदी दाताजवळ.
आणि आठवत होतं त्यापेक्षा जरा वाईट वाजवतोय :
दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बोट घसरतं,
तो ते लपवायला पुढचा सूर जोरात मारतो.
गोदीत मीही शिवण चुकली की
वरून रंग जाड द्यायचो.

आता पुठ्ठ्याच्या दोन बाजू आहेत.
एक हेडफोन सुलट असतानाची, एक उलट.
सुलट बाजूला पहिलं 'मीठ', आज तरी.
उलट बाजूला मी सकाळपासून दोनदा पुसलंय.

संध्याकाळी वृद्धाश्रमात व्येकोस्लावला फोन लावला,
रिसीव्हर चांगल्या कानाला धरून.
सगळं सांगितलं : कान, बाई, बोट, साखळी.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मागे कुणाच्या तरी ताटाचा आवाज.
मग म्हणाला,
'दुसरा जिना'. मी तेव्हाच सांगितलं होतं.